नदी धरून खाली

सह्याद्रीत भटकणाऱ्या कुणालाही विचारा, कुठं जाऊन आलात? उत्तरात गडाचं नाव येईल. राजगड, तोरणा, लिंगाणा. फार तर एखाद्या घाटवाटेचं. नदीचं नाव कुणी घेत नाही. नदी ओलांडायची, बाटल्या भरून घ्यायच्या, तोंडावर पाणी मारायचं आणि पुन्हा चढाला लागायचं, एवढाच तिच्याशी संबंध. गेल्या मार्गशीर्षात मी मढे घाट उतरून कर्णवाडीच्या वरच्या रानात, ओढ्यातल्या एका डोहात गळ्याइतक्या पाण्यात उभी राहिले आणि मान वर केली. सकाळी ज्या कड्यावरून खाली वाकून पाहिलं होतं तो कडा आता आभाळाला टेकला होता, आणि त्याच कड्यावरून पडलेलं पाणी माझ्या खांद्यावरून वाहत होतं. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरा विषय नाही! चार-पाच दिवस काढायचे, पाठीवर सामान घ्यायचं, घाटमाथ्यावरून कोकणात उतरायचं आणि मग एकही गड न चढता, पायथ्यापायथ्यानं, एका डोहात पोहून पुढच्या डोहाकडं चालत राहायचं. वर्षभर मी हीच सहल आखते आहे. आखण्यातच इतकं सुख असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

जागा सांगते. पुण्याहून वेल्हे, पासली, मग केळद. केळदपर्यंत डांबरी रस्ता आहे. मढे घाटाच्या तोंडाशी लक्ष्मी धबधबा आहे आणि पावसाळ्यातल्या रविवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते. बहुतेक माणसं कड्याच्या टोकाशी उभी राहून फोटो काढतात, भाजलेलं कणीस खातात आणि परत फिरतात. कड्याखाली रायगड जिल्हा सुरू होतो, महाड तालुका. १६७० साली सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले, त्यांचा देह याच घाटानं उमरठ्याला नेला असं इथले लोक सांगतात. म्हणजे वाट जुनी आणि राबती. शेजारीच उपांड्या घाट आहे, तोही कर्णवाडीलाच उतरतो. एकानं उतरून दुसऱ्यानं चढायचं, ही इथली नेहमीची एका दिवसाची फेरी. त्या फेरीत डोहापाशी थांबायला वेळ नसतो, कारण संध्याकाळच्या आत वर पोचायचं असतं. त्या दिवशी मी मुक्कामाचं सामान घेऊन आले होते म्हणून थांबले.

डोह जवळून पाहावा. वरून पाणी येतं ते बोटभर जाडीचं, काळ्या कातळावर पसरत. मग कातळ एकदम संपतो. तिथं पाणी कमरेइतक्या उंचीवरून खाली पडतं आणि पडल्या जागी आधी हिरवं दिसतं, मग काळसर, मग तळ दिसेनासाच होतो. काठाचा खडक पुरानं इतका घासलेला, की अनवाणी तळव्याला कुठं काही बोचत नाही. त्या खडकात एक रांजणखळगा होता. हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला आणि बोटांना तळाशी लिंबाएवढे वाटोळे गोटे लागले. पुराच्या पाण्यात हेच गोटे गरागरा फिरून खळगा कोरतात आणि कोरता कोरता स्वतःही गोल होतात. मी त्यातला एक वर काढला, उन्हात फिरवून पाहिला आणि होता तिथं ठेवला. पुढच्या पावसाळ्यात त्याला काम आहे. मग पाण्यात उतरले. दुपारचं ऊन खाल्लेलं वरचं वीतभर पाणी कोमट, त्याखालचं गार, आणि पाय सरळ खाली सोडले की घोट्यांना झिणझिण्या. उताणी पडून राहिले. हलायचं थांबवलं की बोटभर मासे येतात आणि पायाची बोटं चाखून बघतात. नगरपालिकेच्या तलावात मी पोहायला शिकले, तिथं निळ्या फरशीवरच्या काळ्या पट्ट्या मोजत फेऱ्या मारल्या. पाण्याखाली इतकं काही चाललेलं असतं हे मला त्या दिवशी कळलं.

हे डोह इथंच का, हे शोधायला गेले आणि त्यातच आठवडे गेले. सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक. प्रत्येक थर सारखा कणखर नाही. एखादा घट्ट, त्याखालचा भुसभुशीत. पाणी घट्ट थराच्या कडेवरून खाली पडतं, खालचा मऊ थर पोखरतं, आणि तिथं डोह होतो. मग काही अंतर सपाट वाहतं, पुढची कड लागते, पुन्हा पडतं, पुन्हा डोह. म्हणून घाटाखालच्या नदीत डोह असे पायऱ्यापायऱ्यांनी सापडतात. त्यात पश्चिमेकडचा उतार किती तीव्र! महाबळेश्वराला उगम पावणारी कृष्णा १४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. तिथंच उगम पावणारी सावित्री शंभर-सव्वाशे किलोमीटरांत बाणकोटला अरबी समुद्र गाठते. मढे घाटाखालचं, रायगडामागचं, शिवथर घळीतलं सगळं पाणी शेवटी या सावित्रीचंच. नकाशा उघडून एकेक ओढा बोटानं खाली खाली नेत सावित्रीपर्यंत आणायचा, हा माझा रात्रीचा उद्योग झाला.

तर नकाशा. १७६७ साली स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे आता त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात, हे ज्याला माहीत नाही त्यानं हा लेख इथंच थांबवून ते आधी करावं. पन्नास हजारास एक हे प्रमाण, म्हणजे नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. जुन्या क्रमांकात आपला मुलूख ४७ एफ मध्ये येतो. त्यावरच्या तपकिरी समोच्च रेषा वीस-वीस मीटरच्या अंतरानं आहेत. गड चढणारा माणूस या रेषा चढ किती हे बघायला वाचतो. मी त्या ओढ्यावर वाचायला लागले, आणि वेगळंच पुस्तक उघडलं. रेषा ओढ्याला ओलांडते तिथं तिचं टोक वरच्या अंगाला वळलेलं असतं. अशी टोकं एकमेकांना चिकटली की समजावं, इथं पाणी कोसळतं, इथून उतरायचं नाही. चिकटलेली टोकं संपून पुढं दोन रेषांमध्ये ऐसपैस जागा दिसली, की तिथं पाणी विसावलेलं असणार. तिथं मी पेन्सिलनं छोटं वर्तुळ काढते. मग उपग्रहाच्या छायाचित्रात तीच जागा शोधते. जानेवारीच्या छायाचित्रात काळा ठिपका आणि मेच्या छायाचित्रातही काळाच ठिपका, म्हणजे ती कोंड, तो खोल डोह, बारमाही. दोन वर्तुळांमध्ये किती चाल आहे ते दोऱ्यानं मोजायचं, कारण नदी सरळ कधीच जात नाही. वेळेसाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा ठोकताळा आहे: पाच किलोमीटरला एक तास आणि वर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. कोकणच्या उन्हात, ओझ्यासकट, गोट्यागोट्यांतून चालताना मी त्याच्या सरळ दुप्पट धरते.

पण नकाशा डोहाचा तळ सांगत नाही. त्यासाठी मे महिन्यात खाली जायचं! ही मला लागलेली सगळ्यांत मोठी खाण आहे. वैशाखात ओढा आटतो, डोह आक्रसून मधल्या खड्ड्यापुरते उरतात आणि एरवी पाण्याखाली असणारं सगळं उघडं पडतं. कुठं कपार आत गेली आहे, कुठं झाडाचं खोड अडकलं आहे, वरून सूर मारायला मोह व्हावा अशा खडकाच्या बरोबर खाली कुठला सुळका उभा आहे, सगळं डोळ्यांनी बघता येतं. मी वही घेऊन गेले आणि प्रत्येक डोहाचा काठ, सुळका, उतरायची सोपी जागा, बाहेर पडायची जागा काढून आणली. पावसाळ्यात खोडं हलतात, गोटे सरकतात, म्हणून पाण्यात उतरायच्या आधी काठीनं पुन्हा चाचपायचंच. तरी कपार जिथली तिथंच राहते. गुरं पाण्यावर आणलेल्या एका मामांनी माझी वही बघितली, माझ्या एका वर्तुळावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हितं नको गं बाय. हिची कपार आत लांबवर जाते. म्हैस गेली तर ती पन घाबरते." ते वर्तुळ मी खोडलं. मग त्यांनी मला दुसरी कोंड दाखवली, झाडीत दडलेली, नकाशावर मला कधीच न सापडलेली, तळाला नुसती वाळू.

मोसमाबद्दल मी हट्टी आहे. पावसाळ्यात नाही म्हणजे नाही. हा तोच महाड तालुका आहे जिथं २२ जुलै २०२१ ला तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सावित्रीवरचा जुना पूल रात्री पुरात वाहून गेला तोही महाडजवळच. वर माथ्यावर ढग फुटला तर खाली ऊन असतानाही ओढा काही मिनिटांत गढूळ होऊन वाढतो. ऑक्टोबरातही दुपारनंतरच्या वळवाचा भरवसा नाही. दिवाळी होऊ द्यावी. तुळशीची लग्नं लागली की आभाळ स्वच्छ होतं, पाण्यातला गाळ बसतो, पायथ्याची भातं कापून झालेली असतात आणि खळ्यांवर झोडणी चालू असते. ओढा तेव्हा वाहताही असतो आणि नितळही. फेब्रुवारीनंतर धार तुटते, डोह सुटे सुटे होतात, आणि साचल्या पाण्यात मी उतरत नाही. म्हणजे उणेपुरे तीन महिने. एवढ्या अरुंद खिडकीसाठी वर्षभर तयारी करायला लागते, आणि मला ते फार आवडतं.

कुंडलिका नदी का नको, हे मला अनेकांनी विचारलं. तिथं तर बारा महिने पाणी! तेच कारण. ते पाणी मुळशीचं आहे. घाटमाथ्यावरची मुळा अडवून ते बोगद्यातून भिऱ्याच्या वीजगृहात सोडतात, आणि तिथून ते कुंडलिकेत येतं. कोलाडचे रबरी तराफे चालतात ते याच सोडलेल्या पाण्यावर. ज्या धरणासाठी सेनापती बापटांनी १९२१ साली सत्याग्रह केला, त्याच धरणाचं हे पाणी. वीजनिर्मिती सुरू झाली की नदी चढते, बंद झाली की उतरते. तराफ्यावर, जाणत्या माणसांबरोबर, वेळापत्रक हातात ठेवून ठीक. डोहात उताणं पडून आभाळ बघायला ती जागा नाही. म्हणून माझी पहिली अट ठरली: डोहाच्या वर धरण नको. दुसरी अट सावित्रीनं ठरवली. महाडजवळ सावित्रीच्या संथ पात्रात मगरी आहेत, चांगल्या नांदत्या आहेत, काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. त्या असाव्यात, त्यांचं ते घर आहे. त्यामुळं आमचं पोहणं वरच्या अंगाला, खळाळत्या, गोटेवाल्या भागात, तेही त्या त्या वाडीत विचारून; नदी रुंद आणि मातकट झाली की नुसतं काठानं चालायचं.

आणि वाळणकोंड! हे नाव मी आधी ऐकलंसुद्धा नव्हतं. वाळण गावाजवळ काळ नदीत खोल कोंड आहे, काठावर देवीचं ठाणं आहे आणि कोंडीत महसीर जातीचे मोठाले मासे आहेत, देवीचे म्हणून राखलेले. कुणी गळ टाकत नाही, कुणी जाळं लावत नाही. लाह्या-कुरमुरे टाकले की पाणी फुटतं आणि हातभर लांबीची पाठ वर येऊन जाते. देवराई मला माहीत होती, राखलेलं रान माहीत होतं. पाणी राखलेलं पहिल्यांदा पाहिलं. महसीर इतर नद्यांतून झपाट्यानं कमी होत असताना तो इथं टिकला, तो कुठल्या पाटीमुळं किंवा कुंपणामुळं नाही. काठावरच्या मावशींना मी विचारलं, इथं पोहतं का कुणी? त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, "ती तेंची जागा हाय. तू खाली जा, दोन वळनं सोडून." माझ्या आराखड्यात आता वाळणकोंडीला पूर्ण दुपार राखली आहे आणि त्या दुपारी पाण्यात पायसुद्धा घालायचा नाही. सगळ्या सहलीत मला सर्वांत जास्त ओढ या दुपारची आहे.

मावशींच्या त्या एका वाक्यानं माझी आखणीच बदलली. तोवर मी नदीकडं रिकामी जागा म्हणून बघत होते, जिथं आपण जाऊन वर्तुळं काढायची. नदीचा दिवस आधीच वाटून दिलेला आहे. वरचा झरा पिण्याचा, त्याखाली घागरी-हंड्यांचा पाणवठा, त्याखाली धुण्याचे खडक, सगळ्यांत खाली गुरं. सकाळी उन्हं आल्यावर बायका धुण्याला येतात, त्या वेळी पुरुषांनी तिकडं फिरकायचं नाही. दुपारी पोरं मुटके मारतात. तिन्हीसांजेला कुणी नसतं, आणि तेव्हा आपणही नसावं. प्रत्येक वाडीत हे थोडंथोडं वेगळं, म्हणून पोचल्या पोचल्या आधी विचारायचं: पाणी कुठलं पिता, देवाची कोंड कुठली, बायका कुठं उतरतात, कुणी बुडालेलं आहे का. शेवटचा प्रश्न विचारायला जड जातो, पण सगळ्यांत खरं उत्तर त्यालाच मिळतं. आम्हा बायकांना याचा केवढा फायदा होतो! धुण्याच्या खडकाशी बसून दोन कपडे त्यांच्याबरोबर आपटले, की त्याच आडोशाची जागा दाखवतात, त्याच पोरीला सोबत धाडतात. अंगात घोट्यापर्यंतची विजार आणि पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा. उन्हालाही बरा, गावालाही.

वाट अशी धरली आहे. केळदला वस्ती, पहाटे उपांड्या घाटानं उतार, कारण उतरताना सकाळची सावली अंगावर राहते. कर्णवाडीखालच्या डोहात पहिली दुपार. मग कड्याची भिंत उजव्या हाताला ठेवून वाड्यावस्त्यांमधून, ढोरवाटांनी आणि जिथं आहे तिथं सडकेनं, वाळणकडं. तिथून काळ नदीच्या खोऱ्यात वर, लिंगाण्याच्या पायाशी असलेल्या पाने गावाच्या दिशेनं. राजगड-तोरणा-रायगड करणारी मंडळी बोराट्याच्या नाळेनं किंवा सिंगापूरच्या नाळेनं याच खोऱ्यात उतरतात, काळ नदी ओलांडतात आणि घड्याळ बघत रायगडाला भिडतात. आम्ही तिथं राहणार आहोत. एका बाजूला लिंगाण्याचा सुळका, दुसरीकडं रायगडाची मागची बाजू, मधून ही नदी. इतक्या देखण्या जागी पोचून चहा पिऊन निघून जायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. रायगडावर मी गेले आहे, पुन्हाही जाईन. या खेपेला तो पाण्यातून बघायचा. परत येताना महाडला उतरून चवदार तळ्यावर जायचं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह ज्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते तळं याच सहलीच्या शेवटच्या थांब्यावर आहे. ज्या तालुक्यात पाणी पिण्यासाठी माणसांनी मार खाल्ला, तिथं आपण दिवसच्या दिवस पाण्यात काढणार. त्या काठावर उभं राहिल्याशिवाय परतीची एसटी धरणं मला जमणार नाही. आराखड्यात एक दिवस कोराही ठेवला आहे, जी कोंड आवडेल तिच्यासाठी.

बरोबर कोण, यावर मी सगळ्यांत जास्त विचार केला. माझ्या वडिलांची पिढी पाठीला पत्र्याचा डबा किंवा वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकली. त्या माणसांना तळ न दिसणाऱ्या पाण्याची भीती नव्हती. तलावात शिकलेल्यांची गोष्ट वेगळी. पन्नास फेऱ्या मारणारा माणूस डोहात हिरवं पाणी पायाखाली आलं की दचकतो. म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला दहा मिनिटं जागच्या जागी पाणी तुडवता आलं पाहिजे आणि कपड्यांसकट उताणं तरंगता आलं पाहिजे, ही आमची परीक्षा. पाण्यात हळूहळू उतरायचं. गार पाण्यात एकदम शिरलं की श्वास आत ओढला जातो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. सूर नाही, कितीही खोल दिसलं तरी नाही. हिरव्या कातळावर पाय नाही, काळ्या कोरड्यावरच. धबधब्याच्या धारेखाली डोकं नाही, वरून गोटे येतात. नदी ओलांडताना पाठपिशवीचा कमरपट्टा सोडायचा, काठी वरच्या अंगाला रोवायची, तोंडही वरच्या अंगाला. मांडीच्या वर पाणी चढलं की मागं फिरायचं. वाहून गेलंच तर उताणं होऊन पाय पुढं, म्हणजे खडक आधी पायाला लागतो. एकाच वेळी सगळ्यांनी पाण्यात नाही. एकजण कायम काठावर, कोरडा, हातात दोर आणि गळ्यात शिट्टी. हे नियम मी पाठ म्हणते, रोज म्हणते, आणि त्यानं माझा आनंद रतीभरही कमी होत नाही. उलट डोळ्यांपुढं पाणी आणखी स्पष्ट दिसायला लागतं.

सामान थोडंच घ्यायचं. पाण्यात चालायला जुने पट्ट्यांचे बूट, रात्रीसाठी एक कोरडा जोड, तोही दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. पातळ चादर पुरते, कोकणात डिसेंबरातही थंडी बेताचीच. घाटमाथ्यावरच्या पहिल्या रात्रीसाठी मात्र कानटोपी हवी. तंबू नको. देवळाचा ओटा किंवा कुणाची ओटी, आधी विचारून आणि निघताना योग्य ते पैसे देऊन. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, सुकटीची चटणी. माणशी काय होईल ते संध्याकाळी पोचल्यावरच बोलून घ्यायचं, कारण खळ्यावरच्या दिवसांत त्या घरच्या बाईला स्वतःचीच उसंत नसते. डोहात साबण नाही, काठावर पत्रावळी नाहीत. पिण्याचं पाणी उकळून. आणि एक गोष्ट डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवली आहे: पावसाळ्यानंतरच्या कोकणात लेप्टोचा ताप असतो, उंदराच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून तो अंगावरच्या जखमेवाटे शिरतो. पायाला चिरा पडल्या असतील तर पाण्यात उतरायचं नाही, चिखलाचं साचलेलं पाणी टाळायचं, आणि परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगायचं की मी नदीत पोहत होते.

तारखा त्रिपुरी पौर्णिमेच्या पुढच्या आठवड्यातल्या धरल्या आहेत, म्हणजे पहिल्या रात्री केळदच्या माळावर चांदणं राहील. पाण्याची परीक्षा अजून दोघांची बाकी आहे, ती येत्या रविवारी तलावावर. त्याआधी एकदा वेल्ह्याच्या स्थानकावर जाऊन केळदच्या एसटीची वेळ विचारायची आहे, आणि मामांनी दाखवलेली ती वाळूची कोंड नकाशावर नेमकी कुठं बसते ते अजून शोधते आहे. कर्णवाडीच्या खालच्या वळणावर, दोन रेषांच्या मधे, एक जागा आज सकाळी दिसली आहे खरी.